नव्या घराची किल्ली घेण्याआधी: अर्धवट कामं, राडारोडा अन् बिल्डरशी वाद कसा मिटवायचा?

पोरांच्या शाळा-कॉलेजसाठी, म्हाताऱ्या माणसांना दवाखाना जवळ असावा म्हणून तालुक्याच्या गावात फ्लॅट किंवा रो-हाऊस घेणारी शेतकरी कुटुंबं आता गावोगाव दिसतात. उसाचं बिल, जमिनीचा मोबदला, वरून बँकेचं कर्ज असं करून रक्कम उभी राहते. अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरतो, पाहुण्यांना निरोप जातात. अन् चार दिवस आधी जाऊन बघावं तर जिन्यात वाळूचा ढीग, संडासाच्या भांड्यात सिमेंट, खिडक्यांना काचा नाहीत. बिल्डर म्हणतो, "तुम्ही सामान आणा, आठ दिवसांत सगळं करून देतो."

त्याच वेळी ताबा पावती पुढं येते. त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते: घर पाहिलं, काम पसंत आहे, काही तक्रार नाही. ही सही झाली आणि शेवटचा हप्ता गेला, की बिल्डरला परत यायची घाई राहत नाही. म्हणून जे काही सांगायचं, मागायचं, ते किल्ली घेण्याआधी आणि लेखी.

शेवटचा हप्ता कधी द्यायचा?

रेरा कायद्याखाली महाराष्ट्रात साठेखताचा जो नमुना आहे, त्यात पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यायचे असतात. जोत्यापर्यंत एकूण ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के, लिफ्ट, पंप, विजेची कामं झाल्यावर ९५ टक्के. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, ताबा देताना. तीस लाखांच्या घरात हे दीड लाख होतात. ग्राहकाच्या हातातला हाच शेवटचा दोर असतो.

मात्र मनाने हप्ता अडवून गप्प बसू नये. साठेखताप्रमाणे देय झालेला हप्ता थकला तर ग्राहकालाही व्याज लागतं. कोणतं काम बाकी आहे आणि त्यामुळे हा हप्ता अजून देय का होत नाही, हे पत्राने कळवावं. कर्ज असेल तर बँकेलाही तसंच लेखी द्यावं, म्हणजे बँक परस्पर बिल्डरला रक्कम सोडणार नाही.

आणखी एक. नोंदणीकृत साठेखत झाल्याशिवाय घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यात बंदी आहे. नुसत्या इसार पावतीवर निम्मे पैसे देणं म्हणजे पुढच्या भांडणाची पेरणी.

भोगवटा प्रमाणपत्र आहे का?

इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहायला योग्य आहे, असं नगरपालिका, नगरपंचायत किंवा तिथलं नियोजन प्राधिकरण लिहून देतं, ते भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळवून देणं बिल्डरचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात, हे प्रमाणपत्र न मिळवणं ही सेवेतली त्रुटी असल्याचं सांगितलं. त्या सोसायटीतल्या लोकांना प्रमाणपत्राअभावी घरपट्टी आणि पाणीपट्टी जादा भरावी लागत होती.

ग्रामपंचायत हद्दीत बऱ्याचदा "नमुना आठला नोंद झालीय" असं सांगितलं जातं. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावरून बांधकाम मंजूर आहे असं ठरत नाही. जमिनीचा अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा वेगळा मागावा.

प्रमाणपत्र आल्यावर मात्र ग्राहकाने दोन महिन्यांत ताबा घ्यावा, असं कायदा सांगतो.

घर तपासताना

दिवसा उजेडी जावं. सोबत ओळखीचा गवंडी किंवा प्लंबर, एक बादली, मोबाईलचा चार्जर, मोजपट्टी आणि मंजूर नकाशाची प्रत असावी.

• पाणी: सगळे नळ एकदम सोडून बघा. मोरी-बाथरूममध्ये बादली ओता, पाणी जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते दिसेल. जाळीवरून हळू जात असेल तर पाइपात माल अडकलाय समजा.

• ओल: उन्हाळ्यात ताबा घेतला तर गळती दिसत नाही, ती मृगाचा पाऊस पडल्यावर कळते. म्हणून गच्चीवर आणि बाथरूममध्ये पाणी अडवून एक-दोन दिवस ठेवायला सांगा आणि खालच्या छताला ओल येते का ते बघा.

• फरशी आणि गिलावा: काठीने ठोका. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. गिलाव्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात, पण खांब, तुळई किंवा स्लॅबला तडा असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

• वीज: प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून बघा. मीटर स्वतःच्या नावावर आहे का, की बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर दिवे लावलेत, हे विचारा.

• क्षेत्रफळ: चटई क्षेत्र म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. मोजून साठेखताशी ताडून बघा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

• सेप्टिक टँक: गटार योजना नसलेल्या गावात हा महत्त्वाचा. झाकण उघडून बघा. फळ्या, सिमेंटच्या गोण्या, विटांचे तुकडे आत टाकलेले सापडतात. बोअर टाकीपासून किती लांब आहे तेही बघा.

राडारोडा कुणी उचलायचा?

ज्याच्या बांधकामातून निघाला त्यानेच. २०१६ पासून केंद्राचे त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. रस्त्यावर, ओढ्यात किंवा शेजारच्या रानात ट्रॉली रिकामी करता येत नाही. गच्चीवरचा माल आधी उचलायला लावा. पहिल्याच पावसात तो वाहून पन्हाळीच्या पाइपात बसतो आणि वरच्या मजल्याच्या भिंती ओल्या होतात. उघड्या टाकीत सिमेंट, वाळू पडली असेल तर टाकी धुवून घ्यावी.

यादी आणि सही

बाकी कामांची खोलीनिहाय यादी दोन प्रतींत करा. प्रत्येक कामापुढं मुदतीची तारीख, खाली बिल्डरची सही. फोटो आणि व्हिडिओ त्याच दिवशी काढा. बिल्डर सही देत नसेल तर तीच यादी स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा. तोंडी आश्वासनाचा पुरावा राहत नाही.

मुहूर्त हुकत असेल तर पूजा करून यायला हरकत नाही, पण ती ताब्याशिवाय, असं आधीच लिहून ठेवा. ताबा घ्यावाच लागला तर पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: "सोबतच्या यादीतील कामे बाकी असून हक्क राखून ताबा घेत आहे."

बिल्डर ऐकतच नसेल तर

आधी प्रकल्प रेरात नोंदलेला आहे का ते महारेराच्या संकेतस्थळावर बघा. नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच गुंठे, किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नसते. तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच छोट्या स्कीम यात बसतात.

नोंदणी असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी पाच हजार रुपये. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही तर दोन वाटा आहेत: व्यवहार सोडून पैसे व्याजासह परत घेणं, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागणं. बिल्डरने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. दोघांची तयारी असेल तर महारेराच्या सलोखा मंचातही तडजोड होते.

नोंदणी नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथं दाद मागता येते. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढं १,०००. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ताब्यानंतर

रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींत दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणून पहिल्या पावसाळ्यात दिसलेली ओल रंग मारून झाकू नका. आधी फोटो, मग पत्र.

फाईलमध्ये ठेवायचे कागद

नोंदणीकृत साठेखत व इंडेक्स टू, मंजूर नकाशा, अकृषिक आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, सगळ्या हप्त्यांच्या पावत्या, बाकी कामांची सही केलेली यादी, पत्रांच्या पोच आणि ताबा पावतीची प्रत. मूळ कागद घरी, झेरॉक्स बिल्डरकडे. उलटं होऊ देऊ नका.