डेरिक परेरा

डेरिक परेरा हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक आणि माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आहेत. मूळचे गोव्याचे असलेले परेरा बचावपटू म्हणून खेळत. पुणे फुटबॉल क्लब या संघाचे ते इ.स. २००९ ते २०१३ या काळात मुख्य प्रशिक्षक होते.

खेळाडू म्हणून कारकीर्द

परेरा गोव्यातील साळगावकर संघाकडून दीर्घकाळ खेळले. इ.स. १९८८ व १९८९ अशी सलग दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकणाऱ्या या संघाच्या बचावफळीत त्यांचा समावेश होता. त्यांनी भारताच्या राष्ट्रीय संघाचेही प्रतिनिधित्व केले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

महिंद्रा युनायटेड

इ.स. २००५ मध्ये परेरा यांनी मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघाची सूत्रे स्वीकारली. २००५-०६ च्या हंगामात या संघाने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय फुटबॉल लीग अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. तोपर्यंत लीगचे अजिंक्यपद पंजाब, गोवा व बंगालबाहेर गेले नव्हते. महाराष्ट्रातील संघाला मिळालेले हे पहिलेच अजिंक्यपद होते.

पुणे फुटबॉल क्लब

इ.स. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत खेळत असे. २००९-१० हा आय-लीगमधील त्याचा पहिलाच हंगाम होता. परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने त्या हंगामात तिसरे स्थान पटकावले. २०१२-१३ मध्ये संघ चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला. पुणे फुटबॉल क्लबची आय-लीगमधील हीच सर्वोत्तम कामगिरी होय. त्यामुळे क्लबला २०१४ च्या एएफसी चषकात खेळण्याची संधी मिळाली. मात्र तोपर्यंत परेरा यांनी संघ सोडला होता. त्यांच्या संघातील बचावपटू अनस एडाथोडिका व जपानमध्ये जन्मलेले मध्यरक्षक अराता इझुमी पुढे भारताकडून खेळले.

नंतरची कारकीर्द

पुण्यानंतर परेरा साळगावकर संघाचे प्रशिक्षक झाले. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये ते पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्स संघाचे प्रशिक्षक होते. तो संघ शेवटच्या स्थानावर राहिला. इ.स. २०१७ मध्ये त्यांनी चर्चिल ब्रदर्सला, तर २०१९ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालील संघाला मार्गदर्शन केले. एफसी गोवाचे ते तांत्रिक संचालक होते. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेरांदो संघ सोडून गेल्यावर उर्वरित हंगामासाठी मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. त्या हंगामात संघ नवव्या स्थानी राहिला.

क्लबांची स्थिती

परेरा यांनी महाराष्ट्रात प्रशिक्षण दिलेला एकही व्यावसायिक संघ आज राष्ट्रीय स्पर्धांत नाही. महिंद्रा युनायटेड इ.स. २०१० मध्ये, तर पुणे फुटबॉल क्लबचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये उतरला नाही.