जू, घोडा आणि घाट : ठाणे परिसरातील अवजड ओढीचा इतिहास

किनाऱ्यावर उतरलेला माल सह्याद्री ओलांडून देशावर न्यायचा कसा, हा प्रश्न ठाणे-कल्याण परिसरापुढे सुमारे दोन हजार वर्षे उभा आहे, आणि प्रत्येक काळात त्याचे उत्तर ओढणारा आणि ओझे यांची सांगड कशी घालायची, या निवडीतच शोधावे लागले आहे. सातवाहनकाळी कल्याण बंदरातील माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. त्या चढणीवर चाक चालणे शक्य नसल्यामुळे गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे हेच तेथील वाहन होते, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरा सांगते.

चाकाला चालेल असे रस्ते झाले तशी बैलगाडी आली आणि तिच्याबरोबर एक शास्त्रही आले. दोन चाकांच्या गाडीचा पुढचा भाग जुवातून बैलांच्या मानेवर टेकलेला असतो, म्हणून ओझे मागे अधिक गेले की गाडी उलाळ होते, म्हणजे तिची धुरी वर उचलली जाऊन बैलांची पकड सुटते, आणि ओझे पुढे सरकले की मान दबून बैल चढणीवर बसतात. किती भार चाकांवर आणि किती ओढणाऱ्याच्या अंगावर, हे ठरवणारा गाडीवान आजच्या ट्रेलरचालकाचा पूर्वजच मानावा लागेल, कारण ज्याला आज अर्ध-ट्रेलर म्हणतात, म्हणजे ज्याला मागे चाके असतात पण पुढचा भाग ओढणाऱ्या मोटारीवर टेकतो, त्याची मांडणी तत्त्वतः बैलगाडीचीच आहे.

रेल्वेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग थळघाट, म्हणजेच कसारा घाट, चढून इगतपुरीला पोहोचायला 1865 उजाडले. त्या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ असल्याने कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, लावण्याची पद्धत पडली. रस्त्यावरच्या मालमोटारीला असा मागून रेटा देणारे कोणी नसते. घाटाला लागणारी सगळी ताकद तिला स्वतःबरोबर न्यावी लागते, आणि अवजड वाहन निवडण्यातील खरी अडचण येथेच सुरू होते.

‘पाचवे चाक’ ही संज्ञा घोडागाडीच्या काळातली आहे. चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत, आणि चार चाकांखेरीजचे ते कडे पाचवे ठरले. मोटारयुगात त्याची जागा मोटारीच्या पाठीवर बसवलेल्या, मागच्या बाजूला खाच असलेल्या जाड लोखंडी तबकडीने घेतली, तरी नाव तेच राहिले. डेट्रॉइटमधील लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ याने 1914 मध्ये एक नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडगाडी तयार केली आणि तिला अर्ध-ट्रेलर म्हटले. आज अमेरिकेतील कुटुंबे पिकअपच्या हौद्यात हीच जोडणी बसवून चाकांवरचे घर ओढत नेतात आणि मागच्या आसाला किती भार पेलेल हे पाहून पिकअप निवडतात.

ठाणे-भिवंडी पट्ट्यात ओढणाऱ्या मोटारीला ‘घोडा’ म्हणतात. ज्या रस्त्यावरून हे घोडे रात्रभर धावतात तो घोडबंदरचा आहे, आणि घोड्यांच्या समुद्री व्यापारावरून त्या बंदराचे नाव पडले असे सांगितले जाते, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाने जपून ठेवावा असा आहे. घोडा जुंपण्याची क्रियाही पाहण्यासारखी असते. वंगणाने माखलेली तबकडी मागे मागे येत ट्रेलरच्या पोटाखाली सरकते, खाली लोंबणारी पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, खाचेत शिरते आणि जबडा खट्‌कन मिटतो. मग चालक ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा किंचित पुढे ओढून पाहतो, क्लीनर हवेच्या नळ्या आणि विजेची तार जोडतो, आणि शेवटी ट्रेलरचे टेकू वर घेतले जातात.

या व्यवसायाला आजचे रूप आले ते 1989 मध्ये. त्या वर्षी 26 मे रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि 1 जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा अमलात आला. कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा, खारेगाव या वाटेने भिवंडीकडे येऊ लागले. भिवंडीच का, याचे उत्तर जकातीत आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरताच जकात लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, माणकोली अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे बांधली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे तेथेच राहिली, कारण तोवर रस्ते, हमाल, गॅरेज आणि वजनकाटे यांचे सगळे जाळे त्यांच्याभोवती विणले गेले होते.

घोडा घेणारा मालक आधी आकडा वाचतो. टाटांच्या 4018 या नावात पहिले दोन अंक घोडा आणि भरलेला ट्रेलर मिळून सुमारे 40 टन वजन सांगतात आणि पुढचे दोन अंक सुमारे 180 अश्वशक्ती. मात्र आकडा पुरेसा नसतो. वीस फुटी आणि चाळीस फुटी कंटेनरांची कमाल वजने जवळपास सारखी असू शकतात, त्यामुळे संगमरवराने भरलेली आखूड पेटी तयार कपड्यांच्या लांब पेटीहून कितीतरी जड भरते. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघणाऱ्या पत्र्याच्या गुंडाळीचे टनावारी वजन तर चार-पाच फुटांतच एकवटलेले असते, आणि ती हातभर मागे ठेवली गेली तर घोड्याच्या ओढणाऱ्या चाकांवरचा दाब घटून ओल्या चढणीवर ती जागच्या जागी फिरू लागतात. ही बैलगाडीची उलाळच होय, फक्त तिचे माप बदलले आहे. म्हणून घाटात जाणारे मालक दोन्ही मागचे आस इंजिनाने फिरणारा दहा चाकी घोडा पसंत करतात, तर बंदर ते गोदाम एवढ्याच सपाट फेऱ्या करणाऱ्याला डिझेल आणि टायर वाचवणारा सहा चाकी घोडा परवडतो.

2018 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली आणि जोडवाहनाची कमाल मर्यादा 49 टनांवरून 55 टन झाली. कागदावर हा बदल सहा टनांचा होता, पण उतारावर तेच सहा टन ब्रेकवर येतात, आणि ब्रेक तापून निकामी झाले तर मागचा ट्रेलर घोड्याला रेटून काटकोनात दुमडू शकतो. चढण्याची ताकद पाहून घोडा घेणे सोपे आहे; उतरताना इंजिनाचा रोध किती मिळतो हे पाहणारा ग्राहक अधिक जाणता म्हटला पाहिजे.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, आणि सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्यामुळे त्या मार्गाने जाणाऱ्या वाहनांची कसारा घाटातून सुटका झाली. आमण्याहून घोडबंदर रस्त्याने गुजरातकडे निघालेल्या ट्रेलरला मात्र गायमुखचा लहानसा घाट चढावाच लागतो, आणि तेथे भरलेला एक घोडा चढावर थांबला की मागे ठाण्याच्या दिशेने वाहनांची रांग लागते. त्या घोड्याला मागून रेटा देणारे कोणी नसते; कसाऱ्याला रेल्वेगाड्यांमागे मात्र बँकर आजही लावले जातात.