रत्नागिरीचें फौजदारी दप्तर

‘गुन्हेगारी’ हा शब्द आज उच्चारला, कीं चोरी, मारामारी, खून असल्या कृत्यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. मराठेशाहीच्या कागदांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा होता. अपराध शाबीत झालेल्या किंवा वाद हरलेल्या माणसानें सरकारांत जी रक्कम भरावयाची, तिला गुन्हेगारी म्हणत. आणि वाद जिंकणारानें जी द्यावयाची, तिला हरकी म्हणत. या एका शब्दांत जुन्या दप्तराची किल्ली सांपडते. पेशवाईंतील कोंकणांतला एखादा गुन्हा शोधावयाचा, तर केवळ निवाडपत्रें धुंडाळून भागत नाहीं. जमाखर्चाचे कागद उलगडावे लागतात. कोणाकडून, कोणत्या गांवीं, कशाबद्दल किती रक्कम घेतली, हें जमेच्या बाजूस एका ओळींत लिहिलेलें असे, आणि पुष्कळदां त्या अपराधाची उरलेली खूण तेवढीच असते.

गुन्ह्याचा कागद कोठें सांपडेल, हें गुन्हा कोणता यापेक्षां, त्या वेळीं राज्य कोणाचें होतें आणि त्या राज्यास त्या गुन्ह्याचें काय करावयाचें होतें, यावर अवलंबून असतें. रत्नागिरी जिल्ह्याच्या दप्तराचा इतिहास हा या नियमाचा उत्तम दाखला होय. हा शोध केवळ इतिहाससंशोधकाच्या हौसेचा नाहीं. कोणास आजोबांवरील जुन्या खटल्याचा निकाल जमिनीच्या वादांत हवा असतो. कोणास आपल्यावरील बालंट कोर्टानें धुऊन काढलें, हें नोकरीच्या ठिकाणीं दाखवावयाचें असतें. कोणास ज्याला गांवाचा कारभार सोंपवावयाचा, तो माणूस कसा आहे हें पाहावयाचें असतें. वाट ठाऊक नसली, तर यांपैकीं प्रत्येकजण कचेरीच्या पायऱ्या झिजवून रिकाम्या हातानें परततो.

मराठेशाहींत लहानसहान तंट्यांचा निवाडा गांवकरी, गोत आणि पंच यांच्यापुढें होई. निर्णयाचा महजर लिहिला जाई व उपस्थितांच्या साक्षी त्यावर पडत. असे कागद पक्षकारांजवळ राहात. म्हणून कोंकणांतील जुन्या घराण्यांच्या रुमालांतून ते आजहि निघतात. जें प्रकरण सुभेदारापर्यंत किंवा पुण्यापर्यंत जाई, त्याचा माग सरकारी दप्तरांत लागतो. इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली, तेव्हां हे कागद इंग्रजांच्या हातीं गेले, व पुढें ‘पेशवे दप्तर’ या नांवानें पुण्यास ठेवण्यांत आले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतून निवडलेले कागद १९३० पासून ४५ भागांत प्रसिद्ध झाले. परंतु जें छापलें गेलें तें मूळ संग्रहाच्या मानानें अल्प होय. उरलेल्यासाठीं मोडी वाचतां आली पाहिजे.

त्या काळांतील रत्नागिरीचें सर्वांत गाजलेलें प्रकरण म्हणजे तोतयाचें. पानिपतच्या रणांगणावर १७६१ त सदाशिवरावभाऊ पडले. पण ‘भाऊ तो मीच’ असें म्हणणारा एक माणूस पुढें प्रगट झाला. त्याला पकडून निरनिराळ्या किल्ल्यांवर ठेवण्यांत आलें, व शेवटीं तो रत्नागिरीच्या किल्ल्यांत येऊन पडला. तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्याचा पक्ष घेऊन त्यास मोकळें केलें. पाहतां पाहतां कोंकणांत त्याच्याभोंवतीं फौज जमली आणि अनेक किल्ले त्याच्याकडे गेले. अखेर पुण्याच्या फौजेनें त्याचा मोड केला; पळतांना तो राघोजी आंग्रे यांच्या हातीं लागला, व डिसेंबर १७७६ त पुण्यास त्याला देहांत शिक्षा झाली. गुन्हेगाराची ओळख पटविण्याचें साधन जेथें केवळ माणसांची साक्ष हेंच असतें, तेथें एक बंदिवान राज्य हादरवूं शकतो, हा या प्रकरणाचा बोध होय. पुढच्या शतकांत पोलिसांनीं आंगठ्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला, त्याच्या मुळाशीं हीच अडचण होती.

इंग्रजी अंमल बसल्यावर कागदाची पद्धतच पालटली. दक्षिण कोंकणचा जिल्हा १८१९ सालीं निर्माण झाला. त्याची कचेरी प्रथम बाणकोटास होती, ती १८२२ त रत्नागिरीस आली. १८३० त बाणकोटच्या उत्तरेकडील तीन भाग उत्तर कोंकणास जोडले गेले आणि रत्नागिरीचा दर्जा उतरला. १८३२ त तो पुन्हा वाढला. शोध करणाऱ्यास हा तपशील रूक्ष वाटेल, पण तोच त्याच्या कामाचा आहे. कारण कागद गांवाबरोबर जात नाहीं. ज्या कचेरीनें तो लिहिला, तिच्याबरोबर तो राहतो.

१८२७ सालच्या मुंबई इलाख्याच्या कायदेसंग्रहांत चौदावा कायदा गुन्हे व शिक्षा यांविषयीं होता. पुढें १८६० सालचा हिंदी दंडविधान कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला, आणि त्याच वर्षीं जुनी सदर अदालत जाऊन मुंबईचें हायकोर्ट स्थापन झालें. त्यानंतरच्या कागदांवर कलमाचा आंकडा हीच गुन्ह्याची ओळख ठरली. खुनास ३०२ व चोरीस ३७९ हे आंकडे दीडशें वर्षांहून अधिक काळ चालले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन खुनाचें कलम १०३ व चोरीचें ३०३ झालें. तथापि त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यास जुनाच कायदा लागतो. म्हणून कलम पाहण्याआधीं साल पाहावें, हा शोधाचा पहिला धडा.

गांवांत या व्यवस्थेचा पाया पोलीस पाटील. १८६७ च्या कायद्यानें त्याचीं कर्तव्यें ठरविलीं. १९६७ सालीं त्या जागीं नवा कायदा आला. पाटलाची खबर ठाण्यांत जाई, ठाण्यांतून प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे, गंभीर असल्यास सेशन्स कोर्टाकडे, आणि अपील झाल्यास मुंबईस. प्रत्येक पायरीवर एक नोंद राहिली. यामुळें एका ठिकाणचा कागद वाळवीनें खाल्ला, तरी दुसऱ्या पायरीवर त्याची सावली सांपडण्याचा संभव असतो. ज्या जिल्ह्यांत वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें ही गोष्ट लहान नव्हे. सरकारशीं झालेला पत्रव्यवहार पाहावयाचा, तर मुंबईचें पुराभिलेखागार गांठावें. त्याची स्थापना १८२१ ची आहे.

परंतु प्रत्येक बंदिवान हा गुन्हेगार नसतो, आणि प्रत्येक बंधन फौजदारी दप्तरांत लिहिलेलें नसतें. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ त मृत्यु येईपर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होता. त्याच्यावर खटला झाला नाहीं, कलम लागलें नाहीं, शिक्षेची मुदत ठरली नाहीं. त्याचा तीस वर्षांचा बंदिवास फौजदारी कोर्टाच्या दप्तरांत शोधणारास कांहींच मिळणार नाहीं. तो राजकीय पत्रव्यवहारांत आहे. विनायक दामोदर सावरकर यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यांना शिक्षा झाली ती मुंबईस. १९२१ त अंदमानांतून परत आणल्यावर त्यांना कांहीं काळ रत्नागिरीच्या तुरुंगांत ठेवलें. आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्हा सोडूं नये व राजकारणांत पडूं नये, अशा अटींवर ते रत्नागिरींत राहिले. म्हणजे निकाल एकीकडे, तुरुंगाची नोंद दुसरीकडे आणि अटींचा हुकूम तिसरीकडे. एका माणसाची हकीगत जुळवावयास तीन दप्तरें उघडावीं लागतात.

कागद तोच राहून त्याचा अर्थ कसा उलटतो, हें १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानें दाखविलें. त्या वर्षीं शिरोड्यास कायदेभंग झाला. शिरोडें तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. ज्यांना शिक्षा झाल्या, त्यांचीं नांवें तुरुंगाच्या रजिस्टरांत इतर कैद्यांप्रमाणेंच चढलीं. स्वातंत्र्यानंतर, १९७२ सालीं, केंद्रसरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली, आणि सामान्यतः सहा महिन्यांचा तुरुंगवास ही तिची अट ठरली. तेव्हां ज्या नोंदीनें घराण्यास डाग लागतो असें एके काळीं शेजारीपाजारी म्हणत, तीच नोंद वृद्धांनीं व विधवांनीं मोठ्या आशेनें शोधूं लागावी, असा प्रसंग आला. दप्तर नष्ट झालें असल्यास तसा सरकारी दाखला, आणि बरोबरच्या कैद्यांचें प्रमाणपत्र, यांवर भागवावें लागे. रजिस्टराचें एक पान गहाळ होणें म्हणजे एका कुटुंबाची भाकर जाणें, इतका त्या कागदाचा मोल वाढला होता.

शिरोड्याचा शोध आज करणारानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सावंतवाडी हें १९४८ पर्यंत वेगळें संस्थान होतें. त्याचा कारभार व न्याय वेगळा. पुढें १ मे १९८१ रोजीं दक्षिणेकडील तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यांत आला. रत्नागिरीकडे मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके राहिले. तेव्हां वेंगुर्ले किंवा मालवण येथील जुन्या खटल्यासाठीं दोन्ही जिल्ह्यांत विचारणा करणें इष्ट. शिवाय कोंकणी माणसाचें अर्धें आयुष्य मुंबईस जातें. त्याची फिर्याद राजापुरास आणि खटला गिरगांवास, असेंहि घडतें. जेथें माणूस राहतो तेथें नव्हे, तर जेथें गुन्हा घडला तेथें कागद असतो.

सांप्रतची व्यवस्था पुष्कळ सुगम झाली आहे. सुप्रीम कोर्टानें सप्टेंबर २०१६ मध्यें असा आदेश दिला, कीं ठाण्यांत नोंदलेली पहिली खबर चोवीस तासांच्या आंत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. दुर्गम भागांस ही मुदत वाढवून दिली, आणि स्त्रियांवरील अत्याचारासारखीं नाजूक प्रकरणें वगळलीं. खटला कोर्टांत गेल्यावर ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर तो पक्षकाराच्या नांवानें, खटल्याच्या क्रमांकानें, किंवा ठाणें, खबरीचा क्रमांक व साल यांवरून पाहतां येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांकांची स्वतंत्र खूण असते; ती एकदां मिळाली, कीं तारखा, हुकूम व निकाल क्रमानें उलगडतात. जुनीं प्रकरणें यंत्रांत नसतात. त्यांसाठीं कोर्टाच्या नक्कल विभागांत अर्ज करून, खटल्याचा क्रमांक व साल देऊन, प्रमाणित नक्कल मागावी लागते. फौजदारी कागद वर्गवारीनुसार ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात; त्यांतल्या त्यांत निकालपत्र जपलें जातें, म्हणून प्रथम तेंच मागावें. अपिलांचा मार्गहि जवळ आला आहे: ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याचीं प्रकरणें हायकोर्टाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात.

तथापि एखाद्या गृहस्थाचें नांव सांगावें आणि त्याच्या साऱ्या अपराधांची यादी कोणासहि मिळावी, अशी सोय येथें नाहीं. पोलीस चारित्र्याचा दाखला देतात तो ज्याचा त्याला. अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत त्यांची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे. उघड यादी आहे ती निवडणुकीच्या उमेदवाराची. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निर्णयानंतर त्याला आपल्यावरील खटले शपथेवर सांगावे लागतात. जो लोकांवर सत्ता मागतो, त्याचा कागद लोकांसमोर. इतरांचा कोर्टाच्या दारांतून, असा हा भेद आहे.

या भेदाची किंमत हिंदुस्थाननें अनुभवानें जाणली आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. १९११ च्या कायद्यानें तें बंधन मुंबई इलाख्यांतहि आलें. त्या रजिस्टरांत नांव चढण्यास अपराध करावा लागत नसे. जन्म पुरेसा होता. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, पण नोंदीनें लागलेला संशय कागदाबरोबर गेला नाहीं.

म्हणून दप्तर उघडणारानें क्रम संभाळावा. फिर्याद ही फिर्यादीची बाजू. दोषारोपपत्र ही पोलिसांची बाजू. निकाल ही कोर्टाची वाणी. आणि अपील झालें असल्यास तीहि शेवटची नव्हे. पहिलें पान वाचून जो थांबतो, त्याच्या हातीं आरोप लागतो. शेवटच्या हुकुमापर्यंत जो जातो, त्याच्याच हातीं सत्य लागण्याचा संभव असतो. आणि ज्या माणसाचें नांव त्या कागदावर आहे, त्याला दुसऱ्यानें तेवढे श्रम घ्यावे अशी अपेक्षा करण्याचा पूर्ण हक्क आहे.