दवाखान्याचं बिल आणि आयकर

आयकराचा विषय निघाला की बचत गटाच्या बैठकीत बायका म्हणतात, "ताई, ते नोकरदारांचं." खरंय. पण मुलगा किंवा लेक शहरात राहून कर भरत असेल, तर आईच्या औषधपाण्याशी त्या कराचा संबंध येतो. तो कसा आला, ते सांगते.

आपल्याकडे आयकर आणला इंग्रजांनी, १८६० साली. सत्तावनच्या उठावाने खजिना रिता झाला होता, तो भरायला जेम्स विल्सन साहेबांनी हा कर लावला. वर्षाला २०० रुपयांच्या आत कमावणाऱ्याला तो माफ होता.

आजाराचा विचार फार पुढे आला. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि त्याच वर्षी कायद्यात ८०-डी कलम घालून हप्त्यावर सवलत दिली. नीट ऐका, सवलत हप्त्याला होती, बिलाला नाही. दाढ काढली, कवळी बसवली, बिल जपून ठेवलं, तरी या कलमात त्याला जागा नव्हती. कॅन्सरसारख्या ठरावीक आजारांसाठी वेगळं कलम आहे. बाकीच्यांनी विमा काढावा, असा हिशोब.

पण म्हातारपणी विमा मिळणं अवघड. म्हणून २०१५ मध्ये ८० वर्षांवरच्या, विमा नसलेल्यांचा प्रत्यक्ष खर्च ३०,००० रुपयांपर्यंत धरू लागले. २०१८ मध्ये वय ६० वर आलं आणि मर्यादा ५०,००० झाली. हे पैसे परत मिळत नाहीत हं, तेवढ्या उत्पन्नावरचा कर वाचतो. आणि खर्च रोखीने केलेला चालत नाही.

कायद्यात शब्द आहे 'आईवडील'. लग्न झालेल्या लेकीने आपल्या आईचा खर्च केला तर तिलाही सवलत आहे, आई तिच्यावर अवलंबून नसली तरी. सासू-सासरे मात्र त्यात नाहीत. सुनेने पगारातून सासूचे दात बसवले तर तिला काही नाही. तेच पैसे नवऱ्याने भरले तर त्याला सवलत. सेवा सुनेची आणि सूट लेकाला, हे मला पटत नाही.

२०२० मध्ये नवी करपद्धत आली. तिच्यात दर कमी, पण ही सवलत नाही. २०२३ पासून तर न सांगता नवीच धरली जाते. म्हणून आधी मुलांना विचारा, "तू जुन्या पद्धतीत आहेस का?" असेल, तर दवाखान्याचे पैसे त्याच्या किंवा तिच्या खात्यातून जाऊ द्या आणि बिलं पिशवीत जपून ठेवा.