भिजत घोंगडे

मराठी माणसाच्या तोंडी जे घोंगडे सर्वांत अधिक येते, ते भिजलेले असते. कोर्टातला दावा असो, दोघा भावांची वाटणी असो, की गावच्या नळाचे पाणी असो, काहीही रखडले की आपण म्हणतो, “ते भिजत घोंगडे पडले आहे!” असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घोंगडे कधी भिजवलेले नसते आणि वाळवलेले तर नसतेच नसते. आमच्या संगमनेरकडच्या जुन्या घरांत माळ्यावर शोधले तर एखादे अजून सापडते. वाचकांनी ते एकदा नदीवर नेऊन धुऊन पाहावे, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातून जे उमगत नाही ते खांद्याला उमगेल.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. म्हणूनच डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन धनगर भुरभुर पावसात दिवसभर उभा राहू शकतो. पण तेच घोंगडे पाण्यात बुडाले की एका माणसाला पिळवत नाही, आणि श्रावणात ते कधी वाळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हा वाक्प्रचार ओसरीवर बसून पान खाणाऱ्याने केलेला नव्हे. तो ज्याने केला त्याच्याजवळ पांघरायला दुसरे काही नव्हते.

घोंगड्याची गोष्ट सांगायला संगमनेर ही जागा मोठी सोयीची आहे. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या गावाशी तिला म्हाळुंगी मिळते. पश्चिमेला अकोल्याकडचे डोंगर धो धो पावसाचे, तर पूर्वेला पठार कोरडे. मेंढीला चिखल मानवत नाही. तिचे खूर सडतात. तिला हवा हा दुसरा, कोरडा मुलूख: माळरान, कुसळीचे गवत, बाभळीच्या शेंगा. दख्खनी मेंढीचे लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी असे जे पोटभेद जाणकार सांगतात, त्यांत एकाचे नावच ‘संगमनेरी’ आहे. याच नावाची शेळीही प्रसिद्ध आहे. पुण्याला पगडीने आणि पैठणला पैठणीने नाव दिले. आमच्या गावाचे नाव शेळ्या-मेंढ्यांनी राखले, याचा मला तरी संकोच वाटत नाही.

हा संबंध आजकालचा नव्हे. संगमनेरपासून जवळच प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी तेथे उत्खनन केले, आणि तेथल्या लाल भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. पुढे १९६८ पासून पुणे जिल्ह्यात इनामगावला याच संस्कृतीची मोठी वसाहत खणून काढण्यात आली. मधुकर ढवळीकरांनी तेथल्या पुराव्यावरून असे मांडले की, अखेरच्या काळात पाऊस हटला, शेती आटली, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्या-मेंढ्यांच्या मागे लागले. म्हणजे आभाळाने हात आखडल्यावर माणसाने मेंढीचा हात धरला. त्या लोकांच्या अंगावर घोंगडी होती काय, हे माती सांगत नाही, कारण लोकर मातीत टिकत नाही. पण दुष्काळ आणि मेंढी यांची गाठ येथे फार जुनी आहे एवढे खरे.

आता घोंगडी होते कशी ते पाहू. मेंढी कातरतात ती वर्षातून दोनदा. एका घोंगडीला पाच-दहा मेंढ्यांची लोकर सहज लागते. ती निवडायची, कमानीने पिंजायची आणि कातायची. कातण्याचे काम बहुधा घरातल्या बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे. विणणारे ते खुटेकर धनगर, दक्षिणेकडे सणगर. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती पेज कुंच्याने सुतावर ओढायची. नवी घोंगडी अंगाला टोचते, ती काही या खळीमुळे आणि काही मुळातल्या जाड लोकरीमुळे. चार-सहा पावसाळे गेले की ती माणसाला सरावते, की माणूस तिला, कोण जाणे!

आणि रंग? रंग मेंढीच्या अंगावरच असतो. काळी, पांढरी, करडी, तांबूस अशी लोकर वेगवेगळी ठेवायची आणि काळ्या अंगाला पांढरा काठ किंवा चार पट्टे द्यायचे, एवढीच नक्षी. ज्याने आपल्याच कळपाची लोकर विणायला दिली, त्याला आपले जनावर त्या पट्ट्यांत दिसते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या समुद्रकाठी एकोणिसाव्या शतकात बायकांनी एक निराळी कला काढली. तागाचे गोणपाट चौकटीवर ताणायचे, कोळशाने त्यावर चित्र काढायचे आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या आकड्याने खालून वर ओढून त्यांचे फासे उभे करायचे. अशा रग्जवर घरचा कुत्रा, दारची फुले, समुद्रातले गलबत अवतरे. गंमत अशी की ज्या गोणपाटावर हे सारे चाले, त्याचा ताग आपल्या बंगालचा! त्या बाईने निसर्गाचे चित्र काढले. आमच्या विणकराला चित्र काढण्याची गरज पडली नाही. त्याने निसर्गच जसाच्या तसा मागावर चढवला. जुन्या कापडातून चित्र उभे करणारी बाई आपल्याकडेही आहे. तिच्या वस्तूला आपण गोधडी म्हणतो. गोधडीत घरातली माणसे असतात, घोंगडीत माळ असतो.

तिची पतही मोठी. लोकरीला विटाळ नाही, म्हणून सोवळ्यात धाबळी चाले. जपाला लोकरीचे आसन. गोपाळकाल्यातल्या कान्ह्यालाही काठी आणि घोंगडी लागे. ज्या धनगराला वाड्याच्या ओसरीपलीकडे कोणी बोलावले नाही, त्याच्या मेंढीची लोकर थेट देवघरात जाऊन बसली, हेही आपण ध्यानात ठेवलेले बरे.

मग हे बिघडले कोठे? १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. ऊस आला ते चांगलेच झाले. पण माळ गेले, आणि माळ गेल्यावर मेंढी कोठे जाणार? गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाली, मागाहून कृत्रिम धागा आला. स्वातंत्र्यानंतर सरकारने मेरिनो आणि रॅम्बुये या परदेशी जातींशी संकर करून लोकर मऊ करण्याचा घाट घातला. मेरिनोची लोकर बारीक. दख्खनीची तिच्या दुपटीच्या घरात जाड. पण रोज कित्येक मैल चालणाऱ्या धनगराला मऊ लोकरीपेक्षा चिवट मेंढी हवी होती. पुढे मटणाचा भाव चढला, तशी जत भागातल्या माडग्याळसारख्या मांसल मेंढ्यांच्या नरांना मागणी आली. त्यांच्या अंगावर लोकर बेताची. आज पुष्कळ ठिकाणी कातरण्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती बांधावर टाकून देतात. दोष धनगराचा नव्हे. पोट मटणावर भरत असेल तर त्याने आपल्या हौसेखातर लोकर का जपावी?

तरी हातून काय जाते आहे, याचा हिशेब तरी झाला पाहिजे. मऊ ब्लँकेट दुकानात कोणतेही मिळेल. पण करडी आणि तांबूस लोकर ओळखून निवडणारे बोट, चिंचोक्याची खळ कितपत घट्ट हवी हे जाणणारा हात, ही एका पिढीत शिकली नाहीत तर पुढच्या पिढीला शिकवायला कोणी उरत नाही. लोकरीला भाव द्यायचा की नाही, या प्रश्नाचेच भिजत घोंगडे पडले आहे!

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरकडे धनगर बकरी बुजवतात. मेंढ्यांना सजवतात, पळवतात, त्यांची पूजा करतात. आमच्या बाजूचे अनेक वाडे दिवाळी झाली की घाट उतरून कोकणची वाट धरतात. या दिवसांत रस्त्यात कळप आडवा आला तर मोटारीचा भोंगा वाजवण्यापूर्वी जरा थांबावे, आणि वाड्यावरच्या बाईला घोंगडी कोठे मिळते ते विचारावे. ती विणकराचे गाव सांगेल. किंमत ऐकून घासाघीस करू नये. आणि घरी नेल्यावर, मंडळी, ती भिजू मात्र देऊ नका!