सूडभावी पात्र (लघुकथेतील)
अपमान मनात धरून प्रतिशोधासाठी जगणारे कथापात्र. लघुकथेत मनोविश्लेषणाला जागा थोडी, त्यामुळे असे पात्र बोलण्यातून आणि कृतीतून उभे करावे लागते. उघड धमकी देणारा सूडकरी बहुधा कच्चा ठरतो. कसलेला गोड बोलतो. एडगर ॲलन पो यांच्या ‘द कास्क ऑफ ॲमोन्टिलाडो’ (१८४६) या कथेत माँट्रेसॉर तळघरात नेलेल्या फॉर्च्युनाटोच्या खोकल्याची वारंवार चौकशी करतो, परत फिरण्याचा आग्रहही धरतो. माँट्रेसॉरच्या झग्याखालची थापी दिसते, तेव्हा त्या काळजीचा खरा अर्थ उमगू लागतो. मूळ अपमान कोणता, हे पो सांगतच नाहीत.

मोपासाँ यांच्या ‘व्हेंडेटा’त (१८८३) संवाद जवळजवळ नाही. मुलाच्या खुनाचा बदला घेण्यासाठी म्हातारी आई उपाशी कुत्रीला गवताच्या बाहुल्याचा गळा फाडायला शिकवते. तयारीतली ही चिकाटी तिच्या शोकाहून भयंकर वाटते.

मराठीत बाबुराव बागुल यांची ‘सूड’ (१९७०) ही दीर्घकथा वेगळी आहे. तिची नायिका जानकी स्वतःचे स्त्रीपणच नाकारायला निघते. सुडाचा रोख एका माणसावर राहत नाही.

डोंबिवलीचे शं. ना. नवरे (१९२७–२०१३) मध्यमवर्गीय कथाविश्वासाठी ओळखले जातात. अशा घरांतला सूड लेखकाला रंगवायचा झाल्यास सुरा निरुपयोगी. तेथे अबोला, चारचौघांतला टोमणा, मुद्दाम न पोचवलेला निरोप हीच हत्यारे.