वीस अक्षरांचा मंत्र

२७ मे १९८६ रोजी जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम आला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचे. दुष्ट ड्रॅगनराजाला हरवायचे, एवढीच गोष्ट. पण बोटे चपळ नसली तरी चाले. लढत, अनुभव साठवत, धीराने पुढे जायचे. माझ्या मते त्याची गोडी यातच आहे.

सगळा गेम अवघ्या ६४ किलोबाइटचा! खेळ कुठवर आला, हे साठवायची त्यात सोय नव्हती. म्हणून गेममधला राजा वीस जपानी अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगे. मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की मेहनत पाण्यात! १९८७ च्या दुसऱ्या भागात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. १९८८ च्या तिसऱ्या भागात बॅटरीवरची साठवण आली आणि मंत्राची गरज संपली.

सोय झाली, हे खरेच. पण अक्षराची किंमत मुलांना कशी पटवावी, हा प्रश्न मला नोकरीभर पडला होता. माझ्या लाल शाईने अर्धा गुण जाई. तिथे अख्खी संध्याकाळ जायची. तरी मुले पुन्हा वही उघडून बसत, ती कुणी न सांगता.